उजवीकडे सरकलेलं घर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की आमच्या देवपूरच्या गच्चीवर जुनी धोतरं आणि विटक्या साड्या अंथरल्या जातात आणि त्यांच्यावर बिबड्यांच्या रांगा लागतात. ज्वारीचं आंबवून शिजवलेलं पीठ, त्यात लसूण, मिरची, तीळ. ओल्या हाताने थापायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं. धुळ्याचं ऊन कामाला चोख आहे. सकाळी थापलेला बिबडा दुपारी उलटावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी डब्यात खडखडतो. खाली पांझरेत नावाला पाणी, वारा सुटला की कोरड्या पात्रातली धूळ थेट घरात. अशा उन्हात डोक्यावरून पदर घेऊन मी कावळे हाकत बसते. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, शेवटची रांग थापत असतात. त्यांना आख्खी गल्ली अक्काच म्हणते, म्हणून मीही म्हणते.

यंदा अक्कांनी जिन्याच्या दारापासून डाव्या कठड्याच्या कडेने एक लांब पट्टा रिकामा सोडला. तिथे सहज आणखी दोन रांगा बसल्या असत्या.

"एवढी जागा का सोडली अक्का?" मी विचारलं.

"त्याले फोनवर बोलानं ऱ्हास ना. येवू दे त्याले," अक्का लेकाविषयी म्हणाल्या, आणि परत पिठात हात घातला.

वाऱ्याने त्या पट्ट्यावर आलेलं साडीचं टोक मी मागे दुमडलं. गेल्या उन्हाळ्यात तिथे बिबडे होते.

तो उन्हाळा म्हणजे आम्ही दोघं पुण्याहून लॅपटॉप घेऊन कायमचे धुळ्याला आलो त्यानंतरचा. प्रशांत, माझा नवरा, सॉफ्टवेअर लिहितो. मी लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर मोडून बघते. त्याला डेव्हलपर म्हणतात, मला टेस्टर. बाहेरच्यांना वाटतं दोघं एकाच धंद्यातले. छे! आमचं नातं परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा असं आहे, त्यात गोडवा कुठून येणार? डेव्हलपरला चूक दाखवली की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "माझ्याकडे तर चालतंय." मग तो तुमच्यावर घसरतो, "तूच काहीतरी वेगळं केलं असशील." आणि अगदीच नाक दाबलं की म्हणतो, "पण असं कोण करतं?" म्हणजे चूक त्याची नाही, जगाची. जगानेच वेडंवाकडं बटण दाबलं.

आमची ओळखही अशाच भांडणातून झाली. पुण्याच्या ऑफिसात मी नवीन होते. हिशेबाच्या एका पानावर मधूनच आकडा चुकायचा, तो कुठे चुकतो हे शोधत मी प्रशांतच्या कोडपर्यंत पोचले. तिथे त्याने मूळ चूक तशीच ठेवून वरून एक ठिगळ लावलं होतं आणि शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात काढणे.' मी त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, "कुठला पुढचा आठवडा?" तर हा शांतपणे म्हणाला, "पुढचाच. आला की सांगतो." मला हसू फुटलं. तिथेच फसले मी.

ती ओळ अजून आहे. लग्न झालं, गाव बदललं, ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, पण त्या तात्पुरत्या ठिगळावर आजही लोकांचे हिशेब चालतात. कोणी हात लावत नाही. चालतंय ना, मग कशाला काड्या करायच्या, हा या मंडळींचा धर्म.

आणि या धर्मात वेळ मारून नेणारा माणूस देव असतो. एखादी गोष्ट बंद पडली, गिऱ्हाईक ओरडायला लागलं, की बाकीचे खालमानेने बसतात आणि प्रशांतसारखा कोणीतरी बाह्या सावरतो. बिघाड कशामुळे झाला हे तो बघतच नाही. बिघाडाला वळसा कसा घालता येईल एवढंच बघतो. अर्ध्या तासात सगळं सुरू. मग ऑफिसच्या ग्रुपवर अंगठे, टाळ्या, "भाऊ, मानलं तुला." आणि एखादा बिचारा तीन दिवस बसून मुळापर्यंत खणत गेला, तर त्याला म्हणतात, हा जरा संथ आहे. मी ही माणसं इतकी वर्षं बघतेय. हुशारीत कमी नाहीत, मेहनतीलाही नाहीत. पण त्यांच्या हुशारीला एक खोड आहे. अडचण दिसेनाशी झाली की ती सुटली असं त्यांना मनापासून वाटतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत दुपारभर अंधार असायचा. खिडक्यांना ओले पडदे, दारात कूलर, कूलरमधल्या गवताचा ओलसर वास, आणि बाहेर लिंबाखाली चिटपाखरू नाही. खोलीच्या दोन टोकांना आम्ही दोघं. पाणी आणायला उठले की प्रशांतची स्क्रीन मला दिसायची. एक दिवस वाटलं, अक्षरं जरा मोठी झालीत. मग आणखी मोठी झाली. "म्हातारा झालास की काय?" मी चिडवलं. "अगं, आरामात दिसतं," तो म्हणाला. मग फायलींची यादी, जी सगळ्यांच्या स्क्रीनवर डावीकडे असते, ती त्याने उजवीकडे नेली. मग स्क्रीनच छोटी पडते म्हणून मोठा मॉनिटर आणला. तो समोर ठेवायचा सोडून उजव्या हाताला सरकवला आणि खुर्चीही थोडी वळवून घेतली. कोणी ऑफिसातल्याने मीटिंगमध्ये हे बघितलं आणि म्हणाला, "वा, काय सेटअप आहे!" प्रशांत खूश. दोघातिघांनी त्याचं बघून आपापली यादी उजवीकडे घेतली म्हणे.

मग गाडीची डावी बाजू घासली. सोनगीरला नातेवाइकांकडे लग्न होतं. मांडवाबाहेर गाडी लावताना डावीकडचा दगडी ओटा त्याला दिसलाच नाही. दरवाजापासून मागच्या चाकापर्यंत सोलून निघाली. वर किल्ला उन्हात भाजत उभा, खाली आम्ही दोघं ओरखड्याकडे बघत उभे. "या गाडीचा आरसाच बेकार आहे," प्रशांत म्हणाला. धुळ्याला परत आल्यावर त्याने डाव्या आरशावर आणखी एक छोटा गोल फुगीर आरसा चिकटवला आणि मला कौतुकाने दाखवला. "बघ, आता कसं बठ्ठं दिसतं!" मूडमध्ये असला की 'सगळं'चं 'बठ्ठं' होतं, तो असा मध्येच अहिराणीत शिरतो. आज तो गोल आरसा आठवला की मला उपटून फेकून द्यावासा वाटतो.

आणि मग ती बिबड्यांची सकाळ. अक्का पहाटेपासून थापत होत्या, मी पातेली वर नेत होते. प्रशांत कानाला फोन लावून जिन्यातून वर आला. खाली नीट रेंज येत नाही, त्यामुळे ऑफिसशी बोलायचं असलं की तो गच्चीवर फेऱ्या मारतो. आला तो तरातरा डाव्या कठड्याकडे निघाला, आणि पच्. पुढचं पाऊल, पच्. तिसऱ्या पावलाला घसरला आणि कठडा धरून कसाबसा सावरला. ओल्या पिठात त्याच्या चपलांचे ठसे उठले होते. अक्कांनी कपाळाला हात लावला. "बठ्ठं सामने शे, तरी तुले दिखत नही का रे?" आम्ही हसलो. खूप हसलो. अक्का चिडून पिठाचा गोळा घेऊन त्याच्या मागे धावल्या, तोही फोन कानाला तसाच धरून हसत पळाला, आणि पलीकडचा माणूस विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

हसू ओसरल्यावर मी त्या ठशांकडे बघत उभी राहिले. दहा वर्षं मी एकच काम केलंय. चुका वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्या एकाच जागेवरून येतात का, ते बघायचं. यादी डावीकडून हलली. ओटा डावीकडे होता. बिबडे डावीकडे होते. जेवताना तो ताटातली डावीकडची चटणी सोडून 'चटणी नाही का?' विचारतो. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

त्याच दिवशी दुपारी मी त्याला म्हटलं, "तुझ्या सगळ्या चुका डाव्या बाजूला आहेत. डोळे दाखवू."

"कामाचा ताण आहे गं. झोप होत नाही."

"झोप डावीकडचीच होत नाही का?"

"रिलीज होऊ दे, मग बघू."

रिलीज! नवं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची तारीख. या लोकांचं सगळं आयुष्य रिलीजनंतर सुरू होणार असतं. दात रिलीजनंतर, रक्ततपासणी रिलीजनंतर, आईला देवाला नेणं रिलीजनंतर. एक रिलीज संपत नाही तोवर दुसरं दारात उभं. मी वाद घातला नाही. आखाजीला मी माहेरी जळगावला जाणारच होते. तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याचं नाव नोंदवलं आणि म्हटलं, मला सोडायला चल. गाडी मी चालवली.

वाटेत मला नाना आठवत होते. नाना म्हणजे प्रशांतचे वडील. शेवटची काही वर्षं कोणी हाक मारली की नाना नुसती मान वळवायचे नाहीत, खांद्यासकट आख्खे वळायचे. घरातले म्हणायचे, वय झालं. एका बाजूने बैल आला तरी त्यांना कळायचं नाही. वय झालं. जाताना त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, तेही वयातच जमा झालं. शेजारच्या सीटवर प्रशांत बसला होता, आणि डावीकडून हॉर्न वाजला की खांद्यासकट खिडकीकडे वळत होता.

जळगावात त्या दिवशी भट्टी पेटली होती. दवाखान्यात मात्र थंडगार. एका अंधाऱ्या खोलीत नजरेची तपासणी होती. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, आणि समोरच्या दिव्याकडेच बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीक ठिपका उजळला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर बसले. प्रशांत बाहेर आला तो हसतच. "पास!" म्हणाला. मग खाली वाकून हळूच सांगितलं, "सोपं आहे गं. ठिपके ठरावीक अंतराने येतात. एकदा ताल सापडला की दिसो न दिसो, दाबत जायचं."

मला एक क्षण कळेचना, हा काय बोलतोय. आणि मग कळलं. डेव्हलपर आहे तो. चाचणी समोर आली की काम नीट करण्याऐवजी चाचणी पास होईल एवढंच करायचं, ही यांची जुनी खोड. मी ती हजारदा पकडली आहे. मी तपासणार तेवढी चार उदाहरणं बरोबर येतील असं लिहून ठेवतात आणि पाचव्याला सगळं कोसळतं. पण स्वतःच्या डोळ्यांशी? अरे, स्वतःच्या डोळ्यांशी?

डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे. त्यांनी कागद बराच वेळ बघितला. "हे यंत्र मधूनच मुद्दाम गप्प बसतं," ते म्हणाले. "ठिपका दाखवतच नाही. तेव्हाही तुम्ही बटण दाबलंय. बऱ्याच वेळा." प्रशांतचं हसू गेलं. मला एकदम हसायला आलं, कारण यंत्राच्या पोटात माझ्यासारखाच कोणीतरी खवीस बसला होता, आणि हसता हसता माझा आवाज फाटला. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि प्रशांतला परत आत पाठवलं. "या वेळी खरं दिसेल तेव्हाच," ते म्हणाले.

दुसऱ्या कागदावर डाव्या डोळ्याचं चित्र जवळजवळ काळं होतं. उजव्या डोळ्याच्या चित्रात नाकाच्या, म्हणजे डाव्याच बाजूने काळं आत शिरलं होतं.

काचबिंदू. शब्द कानावरून गेलेला असतो, मोतीबिंदूचा भाऊ असावा असं वाटतं. तसा तो नाही. मोतीबिंदू काढता येतो. याने गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टर सांगत होते की हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. एका डोळ्याला कमी पडलं तर दुसरा भरून काढतो, आणि दोघांनाही दिसत नाही ती जागा मेंदू आजूबाजूचं बघून अंदाजाने भरून टाकतो. म्हणून माणसाला काळं काही दिसतच नाही, सगळं ठीक वाटतं. म्हणजे आतला मेंदूही प्रशांतच्याच ऑफिसातला निघाला. त्यानेही ठिगळ लावून वेळ मारून नेली होती.

"पण मूळ कारण काय?" प्रशांतने विचारलं. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

"घराण्यात असेल. वडिलांना होतं का?" डॉक्टर म्हणाले. "कारण सापडलं म्हणून आता मागे जाता येणार नाही. आहे ती नजर सांभाळायची. थेंब रोज, जन्मभर. आणि उजवा आणखी आकसत गेला, तर ऑपरेशन."

मी आखाजीला माहेरी थांबलेच नाही. परत धुळ्याला निघालो. पारोळा मागे पडला. रस्त्याच्या कडेला नांगरून उलटलेली काळी शेतं, त्यांच्यावर उन्हाची थरथर. मग तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मला वाटत होतं मी सोडवतोय. प्रत्येक वेळी वाटत होतं, सुटलं." मला त्याचा इतका राग आला होता की गाडी थांबवून त्याला गदागदा हलवावं, आणि इतकी दया आली होती की रस्ता धूसर दिसायला लागला. मी दोन्ही गिळलं आणि गाडी चालवत राहिले. ट्रक फार असतात त्या रस्त्याला.

तेव्हापासून आमचं घर उजवीकडे सरकलंय. कोणी ठरवून केलं नाही. पाण्याचा माठ उजवीकडे गेला. जेवताना चटणी, लोणचं, लिंबू, सगळं ताटाच्या उजव्या अंगाला. सोफ्यावर अक्का त्याच्या उजवीकडे बसतात, मीही उजवीकडेच, आणि डावी बाजू नुसती रिकामी असते. आता गच्चीवरचा पट्टाही. आम्ही तिघं मिळून इतकं सुबक जमवून आणलंय की पाहुण्यांना काही कळत नाही. ऑफिसात तर कोणालाच माहीत नाही. तिथे तो अजूनही अर्ध्या तासात सगळं सुरू करून देतो आणि अंगठे मिळवतो. कधीकधी मला या हुशार माणसांची भीती वाटते. बँका, दवाखाने, रेल्वे, सगळं यांच्या हातात, आणि कुठे कुठे 'तात्पुरतं' लिहून ठेवलंय हे यांनाही आठवत नाही. पण जगाचं जग बघेल. मला माझा एक उजवा डोळा सांभाळायचा आहे.

डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, पण मी घरी त्याची चाचणी घेते. धंदाच तो माझा. तो खुर्चीत बसतो, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवतो आणि समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघतो. मी त्याच्या डाव्या बाजूला मागे उभी राहते आणि हात वर धरून भिंतीच्या कडेने हळूहळू पुढे येते. हात दिसला की त्याने "दिसला" म्हणायचं. गेल्या आखाजीला हात दाराच्या चौकटीपाशी आला की तो म्हणायचा. दिवाळीत आणखी पुढे, कपाटापर्यंत यावं लागलं. संक्रांतीनंतर कपाटही ओलांडलं. थेंब चालू आहेत, चुकत नाहीत, तरी.

पुढच्या आठवड्यात जळगावला जायचंय. ऑपरेशन करायचं की नाही हे त्या तपासणीवर ठरणार आहे. प्रशांत ऑपरेशनला घाबरतो. उरलंय ते हातचं जाईल, असं त्याच्या मनाने घेतलंय. तो बोलत नाही, पण परवा मला म्हणाला, "या वेळी चांगलं येणार बघ. मला जाणवतंय." आणि मला ते इतकं खरं मानायचं होतं की मी देवापुढे दिवा लावला, मी, जी कोणाचं काही पुराव्याशिवाय ऐकत नाही ती.

काल संध्याकाळी बिबडे गोळा करायला अक्का वर गेल्या होत्या. कूलर घरघरत होता. मी म्हटलं, चल, बघू. तो खुर्चीत बसला, डाव्या डोळ्यावर हात ठेवला, खिळ्याकडे बघायला लागला. मी मागून निघाले, सावकाश. माझ्या पावलांचा आवाज त्याला येत असणार.

"दिसला!" तो एकदम म्हणाला.

"कुठे?"

"दाराच्या चौकटीपाशी. अगदी स्पष्ट. बघ, सांगत होतो ना मी? सुधारलंय." खिळ्यावरची नजर न काढता तो हसत होता, आणि किती दिवसांनी असा हसत होता. "आता ते ऑपरेशनचं खूळ डोक्यातून काढ."

मी दाराच्या चौकटीपाशीच उभी होते. पण हात मी वर केलाच नव्हता.